सगळे सुखरूप

विमान अपहरणाची गोष्ट सांगणारा माणूस शेवटी कुठे थांबतो, हे बघण्यासारखं असतं. विमानाचं दार उघडतं, शिडी लागते, दाढ्या वाढलेली, कपडे चुरगळलेली माणसं डोळ्यांवर हात धरत खाली उतरतात, कुणीतरी कुणाच्या तरी गळ्यात पडून रडतं आणि बातमी देणारा सांगतो, सगळे सुखरूप आहेत. झालं, गोष्ट संपली. त्यापुढे उरतो तो वाद: पैसे द्यायला हवे होते का, कैदी सोडायला हवे होते का, कमांडो का नाही घुसवले. कंदाहारवरून आपल्याकडे हा वाद अजून चालू आहे. लग्नाच्या पंगतीत विषय काढून बघा, चार माणसं तरी हातातला घास खाली ठेवून बोलायला लागतील.

मला या प्रकरणांचा नाद लागला तो मात्र कंदाहारमुळे नव्हे, ढाक्यामुळे. आणि ढाक्यात उतरलेलं ते विमान आपल्या सांताक्रूझहून उडालं होतं, हे मला मामाकडून कळलं.

मामा सत्तरच्या दशकात सांताक्रूझ विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामाला होता. आमच्या घरातला विमानात बसलेला पहिला माणूस वेगळा, पण विमानाच्या पोटात शिरलेला पहिला माणूस मामाच. प्रवाशांचे चेहरे त्याला फारसे दिसायचे नाहीत, बॅगा दिसायच्या. ‘‘जपान्याची बॅग लांबून ओळखू येते गं, चारही कोपरे शाबूत असतात,’’ असं तो सांगायचा. विमानांचे क्रमांक त्याला तोंडपाठ होते, आणि त्यातला ४७२ हा आकडा तर त्याच्या डोक्यात कायमचा बसला होता, पण अपहरणामुळे नाही.

२४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं ४७२ क्रमांकाचं विमान लंडनहून टोकियोला जाताना मुंबईत उतरायला आलं आणि सांताक्रूझ समजून चक्क जुहूच्या धावपट्टीवर उतरलं. जुहूची धावपट्टी लहान विमानांची. डीसी-८ सारखं धूड तिथे थांबणार कसं? धावपट्टी संपली तरी विमान पळतच राहिलं आणि पुढे जाऊन मोडलं. जीव कुणाचा गेला नाही, विमान मात्र कायमचं निकामी झालं. मामा पाळी संपवून सायकलवरून ते बघायला गेला होता. ‘‘बांधावर अडकलेली म्हैस कशी बघते, तसं नाक करून बसलं होतं,’’ हे त्याचं वर्णन. पाच वर्षांनी त्याच क्रमांकाचं विमान मुंबई सोडल्यावर पळवलं गेलं, तेव्हा त्याने सगळा दोष आकड्यालाच दिला. ‘‘चारशे बहात्तर पनवतीच होतं.’’ बरीच वर्षं ढाका प्रकरणावरचं त्याचं भाष्य एवढंच होतं.

तर २८ सप्टेंबर १९७७. पॅरिसहून निघालेलं हे विमान अथेन्स, कैरो, कराची असं थांबत थांबत मुंबईत आलं होतं; पुढे बँकॉक, हाँगकाँग आणि मग टोकियो. मुंबई सोडून थोडाच वेळ झाला असेल, पाच शस्त्रधारी उठले. जपानी रेड आर्मीचे. म्होरक्या ओसामू मारुओका. विमानात सगळे मिळून १५६ जण. वैमानिकाला हुकूम झाला, ढाक्याला चला.

रेड आर्मी हे नाव आता फारसं कुणाला आठवत नाही. १९७२ साली इस्रायलच्या लोद विमानतळावर तिघा जपानी तरुणांनी आलेल्या प्रवाशांवर अंदाधुंद गोळ्या झाडल्या आणि २६ माणसं मेली, ते तिघं यांचेच. त्याआधी १९७० मध्ये जपानमधल्या रेड आर्मी गटाने सामुराई तलवारी घेऊन एक विमान पळवलं, त्यांना उत्तर कोरियाला जायचं होतं. दक्षिण कोरियाच्या अधिकाऱ्यांनी ते सेऊलला उतरवलं आणि हेच प्याँगयांग असं भासवायला विमानतळाचं सोंग वठवलं. पोरं फसली नाहीत. (सोंग कोणी, किती वेळात, कोणत्या कापडाच्या झेंड्यांनी वठवलं असेल, हा माझ्या आवडीचा विचार आहे. कुठल्या तरी कारकुनाला रात्रीत झेंडे शिवून आणायला पिटाळलं असणार.) १९७५ मध्ये जपानी रेड आर्मीने क्वालालंपूरमध्ये वकिलात असलेल्या इमारतीत घुसून माणसं ओलीस धरली आणि जपान सरकारकडून आपले पाच कैदी सोडवून घेतले. म्हणजे ढाक्यात विमान उतरलं तेव्हा दोन्ही बाजूंना खेळाचे नियम ठाऊक होते. मागणी होती ६० लाख डॉलर आणि तुरुंगातले नऊ साथीदार.

जपानचे पंतप्रधान ताकेओ फुकुदा यांनी मागणी मान्य केली. तेव्हा त्यांनी उच्चारलेलं वाक्य जपानमध्ये अजून टोमण्यासारखं वापरलं जातं: माणसाचा जीव पृथ्वीपेक्षा जड आहे. जगभर त्यांची टिंगल झाली. न्यायमंत्र्यांनी राजीनामा दिला. आणि आपल्याकडे कंदाहारनंतर जे झालं तेच तिथेही झालं: वाचलेल्यांच्या घरी आनंद, आणि बाकी देशभर मान खाली गेल्याची भावना.

त्या वाक्याचा उगम मला पुष्कळ उशिरा कळला, आणि कळल्यावर मी बराच वेळ नुसती बसून राहिले. वाक्य मुळात फुकुदांचं नव्हे. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली एका निकालपत्रात लिहिलेलं ते वाक्य आहे, एका माणसाचा जीव साऱ्या पृथ्वीहून जड आहे. निकाल कशाचा होता? फाशीची शिक्षा घटनेत बसते की नाही याचा. आणि हे वाक्य लिहून न्यायालयाने ठरवलं की बसते. जीव पृथ्वीपेक्षा जड, आणि तरीही फासावर चढवता येतो. ढाक्यात पुढे जे झालं ते माहीत असलेल्या माणसाला हे वाचून कसंसंच होतं.

६० लाख डॉलर म्हणजे किती? शंभराच्याच नोटा धरल्या तर साठ हजार नोटा, आणि एक नोट साधारण एक ग्रॅमची. म्हणजे साठ किलो. मामाला मी हा हिशोब सांगितला तेव्हा तो म्हणाला, ‘‘फक्त? तीन बॅगा.’’ मागितलेल्या नऊ कैद्यांपैकी तिघांनी सुटायला नकार दिला, हा मला या प्रकरणातला सर्वांत विचित्र तपशील वाटतो. तुरुंगाचं दार उघडून सरकार म्हणतंय जा, आणि हे म्हणताहेत नको. उरलेल्या सहांमध्ये दोन तर कुठल्या क्रांतीशी संबंध नसलेले, खुनाच्या गुन्ह्यातले साधे कैदी होते. अपहरणकर्त्यांच्या यादीत ते कसे आले, तर तुरुंगात राहून ते राजबंद्यांच्या बाजूने उभे राहिले म्हणून. सहा कैदी आणि पैसे घेऊन जपानचं खास विमान ढाक्याला निघालं. सोबत वाहतूक खात्याचे उपमंत्री हाजिमे इशिई.

इकडे ढाक्याच्या तेजगाव विमानतळावर विमान उभं. विमान जमिनीवर उभं राहिलं की आत काय होतं, हे मला मामाने समजावून सांगितलं होतं. आपल्याला वाटतं विमान म्हणजे वातानुकूलित खोली. पण इंजिनं बंद झाली की त्या जुन्या डीसी-८ ला वीज आणि गार हवा बाहेरच्या गाड्यांमधून द्यावी लागायची. गाडी नसेल तर सप्टेंबरअखेरच्या दमट बंगाली उन्हात बंद पत्र्याच्या नळकांड्यात दीडशे माणसं, असा तो मामला. संडासाच्या टाक्या भरतात, त्या उपसायची गाडी वेगळी. पाण्याची वेगळी. जेवणाची वेगळी. ‘‘हवेत विमान पायलटचं, खाली उतरलं की आमचं,’’ असं मामा म्हणायचा. अपहरणाच्या सगळ्या बातम्यांत ही माणसं नसतात. चाकाला लाकडी ठोकळे लावणारा, नळी जोडायला बंदुकीच्या नळीखालून जाणारा, ताटं मोजून आत देणारा. ढाक्यातही अशी माणसं असणारच, कुणीतरी त्या दिवसांत विमानाला पाणी लावलंच असणार.

कराचीचं उदाहरण जवळचं आहे. ५ सप्टेंबर १९८६ ला पॅन अ‍ॅमचं ७३ क्रमांकाचं विमान मुंबईहून निघून पहाटे कराचीला थांबलं आणि चार जण विमानतळाच्या सुरक्षा रक्षकांच्या वेषात, तशाच रंगवलेल्या गाडीतून येऊन आत घुसले. वैमानिक कॉकपिटच्या छतातल्या झरोक्यातून निसटले. त्यावरून त्यांना आजही काही जण भित्रे म्हणतात, पण वैमानिकच नसेल तर विमान कुठे नेता येत नाही, ही त्यातली मेख होती. दिवसभर विमान जमिनीवरच उभं राहिलं. रात्री विमानाला वीज पुरवणारं यंत्र बंद पडत आलं, दिवे मंदावले, आणि आता कमांडो घुसणार असं समजून त्या चौघांनी अंधारात गोळीबार सुरू केला. वीसच्या वर माणसं मेली. पर्सर नीरजा भनोत मुलांना बाहेर काढताना गेली, तिला अशोकचक्र मिळालं आणि ते अगदी रास्तच होतं. पण त्याच विमानात कराचीचा, जमिनीवर काम करणारा एक तंत्रज्ञही अडकला होता. रेडिओ चालवायला त्याला पुढे बसवलं होतं. तोही मेला. मुंबईत नीरजाचं नाव सगळ्यांना माहीत आहे, त्याचं नाव मी ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. अर्थात मलाही ते वाचूनच कळलं होतं.

ढाक्याकडे येते. नियंत्रण मनोऱ्यात बसून अपहरणकर्त्यांशी बोलत होते ते बांगलादेशच्या हवाई दलाचे प्रमुख, एअर व्हाइस मार्शल ए. जी. महमूद. या संभाषणाच्या ध्वनिफिती आजही आहेत. दोन्हीकडून इंग्रजी, आणि दोघांचीही ती मातृभाषा नाही. देशाच्या हवाई दलाच्या प्रमुखाने स्वतः मनोऱ्यात बसून वाटाघाटी कराव्यात, हे आज आपल्याला चमत्कारिक वाटतं. पण बांगलादेश तेव्हा सहा वर्षांचा देश होता. शेख मुजीब यांना घरात घुसून मारलं त्याला दोन वर्षं झालेली, त्यानंतर उठावावर उठाव झालेले, सत्ता जनरल झियाउर रहमान यांच्या हातात. वाटाघाटीचं तज्ज्ञ पथक वगैरे गोष्टी कुठून येणार? ज्या देशाचा या भांडणाशी काडीइतका संबंध नव्हता, त्याच्या एका अधिकाऱ्याने रात्री जागून परक्या माणसांचे जीव राखले. सौजन्याने, चिकाटीने, पुन्हा पुन्हा तेच बोलत.

आणि तो मनोऱ्यात बसलेला असतानाच त्याच्या स्वतःच्या घराला आग लागली.

३० सप्टेंबरला उत्तरेकडे बोगुडा इथल्या छावणीत सैनिकांनी बंड केलं. २ ऑक्टोबरच्या पहाटे ढाक्यात सैनिक आणि हवाई दलाचे जवान उठले. रेडिओ केंद्र त्यांनी ताब्यात घेतलं, एक गट विमानतळावर आला. हवाई दलाचे ११ अधिकारी मारले गेले. महमूद वाचले. काही तासांत झियांशी एकनिष्ठ फौजेने बंड मोडलं. आणि त्याच दिवशी, त्याच विमानतळावर, अपहरणकर्त्यांशी ठरलेली देवाणघेवाण पार पडली: पैसे आणि कैदी आत, ११८ ओलीस बाहेर. दुसऱ्या दिवशी विमान उडालं, कुवेत आणि दमास्कसला आणखी अकरा जणांना सोडलं, शेवटी अल्जीरियाला पोहोचलं आणि उरलेलेही सुटले. एकाही ओलिसाचा जीव गेला नाही. सगळे सुखरूप.

इथे जपानची गोष्ट संपते. फुकुदांवर टीका करणारे असोत की त्यांची बाजू घेणारे, दोघंही इथेच थांबतात.

बांगलादेशची गोष्ट इथून सुरू होते. बंडानंतर लष्करी न्यायाधिकरणं बसली, झटपट, बंद दाराआड. ढाक्यात आणि इतर गावांच्या तुरुंगांत फाशा सुरू झाल्या. किती? अँथनी मास्करेन्हस या पत्रकाराच्या बांगलादेशवरच्या पुस्तकात ऑक्टोबर ते डिसेंबर १९७७ या दोन महिन्यांसाठी १,१४३ हा आकडा येतो. आकडा अचूक आहे की नाही यावर मतभेद असू शकतील, पण शेकड्यांनी माणसं गेली याबद्दल नाही. (मास्करेन्हस हा आपल्याकडचाच, गोवेकर ख्रिस्ती कुटुंबात बेळगावात जन्मला, कराचीत वाढला. १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने बंगालमध्ये काय चालवलंय हे लंडनच्या संडे टाइम्समधून जगाला सांगणारा तोच. बेळगावात त्याच्या नावाची एखादी पाटी असायला हवी होती, मला तरी दिसलेली नाही.)

फाशी गेलेल्यांत बरेचसे साधे सैनिक, हवाई दलाचे सार्जंट, कॉर्पोरल, तंत्रज्ञ. त्यांतले किती खरोखर बंडात होते आणि किती जण त्या रात्री चुकीच्या बराकीत झोपले होते, हे ठरवायला खटले नीट चाललेच नाहीत. त्यांच्या घरचे सांगतात की कळवलंसुद्धा नाही; आपला माणूस जिवंत आहे असं समजून बायका महिनोन्‌महिने वाट बघत राहिल्या.

आता न्यायाने बोलायचं तर, अपहरणामुळे बंड झालं असं मी म्हणणार नाही. बंडाची मुळं बांगलादेशच्या लष्करात आधीपासून होती, बोगुड्याला ठिणगी पडलीच होती. अपहरणकर्त्यांचा बंडाशी संबंध असल्याचा पुरावा नाही. पण चार दिवस साऱ्या राज्ययंत्रणेचे डोळे एका विमानाकडे लागलेले, हवाई दलाचा प्रमुख मनोऱ्यात अडकलेला, विमानतळावर अधिकाऱ्यांची गर्दी, अशी वेळ बंडवाल्यांना पुन्हा कधी मिळाली असती? विमान बँकॉकला गेलं असतं तर ते ११ अधिकारी त्या पहाटे आपापल्या घरी असते. कार्यकारणाचा धागा याहून जाड करता येत नाही, पण तोडताही येत नाही.

त्याच महिन्यात जर्मनीने उलट वाट धरली. १३ ऑक्टोबरला लुफ्तान्साचं ‘लांड्सहुट’ हे विमान पळवलं गेलं. जर्मन सरकार वाकलं नाही. १८ तारखेला मोगादिशूमध्ये कमांडो घुसले, तीन अपहरणकर्ते मेले, ८६ प्रवासी सुटले. जगाने टाळ्या वाजवल्या, जपानला हिणवलं. पण कॅप्टन युर्गेन शूमान यांना एडनमध्येच गोळी घातली गेली होती. आणि उद्योगपती हान्स मार्टिन श्लायर हे जर्मन अतिरेक्यांच्या ताब्यात सप्टेंबरपासून ओलीस होते, त्यांना मोगादिशूची बातमी येताच मारण्यात आलं. ते विमानात नव्हते, म्हणून ‘सर्व प्रवासी सुटले’ हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरं ठरतं.

कंदाहारच्या वेळी आम्ही सगळे मामाकडेच होतो. ती पार्ल्यातली दीड खोली, टीव्हीपुढे शेजारचे धरून दहा-बारा माणसं, २४ डिसेंबर १९९९ पासून रोज तेच चित्र: धूळ, एअरबस, भोवती तालिबानच्या जीपगाड्या. अमृतसरला विमान उभं होतं तेव्हाच टायर का नाही फोडले, हा प्रश्न रोज नव्याने विचारला जायचा. समोरच्या बिऱ्हाडातले काका तावातावाने म्हणाले, ‘‘एकालाही सोडता कामा नये. गेली दीडशे तर गेली.’’ मामीने चहाचा ट्रे तिथेच ठेवला आणि म्हणाली, ‘‘भावोजी, मोजून बोला.’’ मामा इतका वेळ गप्प होता. त्याचं लक्ष विमानाच्या शेपटाकडे.

‘‘अरे, संडासाची गाडी लावली का कुणी?’’ तो म्हणाला. ‘‘पाच दिवस झाले. दीडशे माणसं.’’

काका भडकले. देशाची इज्जत चाललीय आणि ह्यांना संडास सुचतोय. पण नंतर सुटलेल्या प्रवाशांनी जे सांगितलं त्यात तुंबलेल्या संडासांचा, त्या वासाचा उल्लेख पुन्हा पुन्हा आला. मामाला आत बसलेली माणसं दिसत होती, आमच्या डोळ्यांपुढे भूमिका होत्या. हे मी मामाचं कौतुक म्हणून सांगत नाहीये. कैदी सोडावेत की नाही यावर त्याला काही मतच नव्हतं आणि विचारलं तर तो वैतागायचा.

मला मत आहे. मी फुकुदांच्या जागी असते तर पैसे दिले असते, कैदीही सोडले असते, आणि रात्री झोप लागली नसती. कंदाहारलाही तेच. पण कडक भूमिका घेणाऱ्यांचा एक मुद्दा मला टाळता येत नाही. कंदाहारला तिघांना सोडलं, त्यातल्या मसूद अझहरने बाहेर पडून जैश-ए-मोहम्मद काढली. २०१९ मध्ये पुलवामाला सीआरपीएफचे ४० जवान गेले, त्यात आपल्या बुलडाणा जिल्ह्यातले दोघं होते. ते कंदाहारच्या विमानात नव्हते. १९९९ साली त्यांचा त्या धावपट्टीशी काय संबंध होता? काहीच नाही. ‘‘गेली दीडशे तर गेली’’ म्हणणारे काका आपल्या परीने ह्याच दाराबाहेरच्या माणसांबद्दल बोलत होते. फक्त त्यांना ती दिसत नव्हती, कारण ती तेव्हा जिवंत होती.

म्हणून मला हा वाद ‘वाकायचं की नाही’ असा मांडलेला आवडत नाही. वाकलं तरी दाराबाहेर कुणीतरी मरतं, ताठ राहिलं तरी मरतं. जपान वाकलं, जर्मनी ताठ राहिलं, दोघांनीही यादी विमानाच्या दारापाशी संपवली. आपणही कंदाहारचा हिशोब मांडताना आपले मेलेले मोजतो, आणि मोजायलाच हवेत. पण वाटेत ते विमान ज्या ज्या मातीला टेकलं तिथे काय झालं, हे कोण बघतो? अपहरण ज्या देशातून जातं तो देश गोष्टीत नुसता नकाशावरचा टिंब असतो. ढाका हा तसा टिंब. इंधन भरायची जागा.

ढाक्याच्या प्रकरणाची पुढची कागदपत्रं बघितली तर मारुओकाचं सगळं सापडतं: १९८७ मध्ये टोकियोत अटक, जन्मठेप, २०११ मध्ये तुरुंगात मृत्यू. सोडलेले सहा जण कोण होते, कुठे गेले, तेही. कुणी फिलिपाइन्समध्ये सापडलं, कुणी रोमानियात, कुणी नेपाळमध्ये. काहींची छायाचित्रं जपानी पोलीस अजून वयानुसार बदलून लावतात. गुन्हेगारांची नोंद चोख ठेवली गेली आहे. ढाक्यात फाशी गेलेल्यांची तशी एकही अधिकृत, पूर्ण यादी जाहीर नाही.

त्यांच्या घरच्यांनी एक संघटना काढली आहे, ‘मायेर कान्ना’, म्हणजे आईचं रडणं. ‘मायेर डाक’ नावाची दुसरी एक संघटना आहे, आईची हाक. ती शेख हसीना यांच्या काळात गायब झालेल्या माणसांच्या घरच्यांची. १४ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेचे राजदूत पीटर हास ढाक्यात ‘मायेर डाक’वाल्यांना भेटायला एका घरी गेले, तेव्हा बाहेर ‘मायेर कान्ना’चे लोक निवेदन घेऊन उभे होते. गर्दी वाढली, सुरक्षेचं कारण देऊन राजदूत भेट आटोपती घेऊन निघाले. दुसऱ्या दिवशी त्यावरून केवढा गदारोळ. पहिल्या संघटनेचे मेलेले झियांच्या काळातले, म्हणून ते हसीनांच्या पक्षाला सोयीचे; दुसरीचे हरवलेले हसीनांच्या काळातले, म्हणून ते झियांच्या पक्षाला. एकाच शहरातल्या दोन रांगा, आणि प्रत्येक पक्षाला त्यातली एकच दिसते. सरकारं बदलली की दिसणारी रांगही बदलते.

‘मायेर कान्ना’ची मागणी काय आहे, ते मी शोधून वाचलं. खटल्यांची चौकशी, बदनामी पुसणं, नुकसानभरपाई, हे सगळं आहेच. पण त्यांत एक मागणी अशी की तिला पैसा लागत नाही, कायदा लागत नाही, नुसता तुरुंगातला एक जुना रजिस्टर लागतो: कुणाला, कोणत्या तारखेला फाशी दिली आणि कुठे पुरलं, ते सांगा.